भवानी मंडपाजवळचं वाचन मंदिर

कोल्हापूर म्हटलं की कॅमेरा आधी खासबागेच्या कुस्ती मैदानातल्या लाल मातीकडे वळतो. आज तो करवीर नगर वाचन मंदिर या ग्रंथालयाच्या कपाटांसमोर उभा आहे.

साल 1850. गादीवर छत्रपती बाबासाहेब महाराज. त्या साली ही संस्था सुरू झाली, नेटिव्ह लायब्ररी म्हणून. मराठीतली पहिली कादंबरी छापून यायला अजून 7 वर्षं होती. वाचायचं तरी काय, असा प्रश्न पडावा असा तो काळ! कोल्हापूरला रेल्वे आली 1891 साली. तोवर पुस्तकांचे गठ्ठे सडकेनंच गावात शिरत होते.

आता जुन्या पुस्तकांची दुरुस्ती. ही खळ, म्हणजे चिकटवायची पेस्ट. तिच्यात चिमूटभर मोरचूद, कसर म्हणजे कागद खाणारी कीड लागू नये म्हणून. जुनं पुस्तक आधी उसवायचं. फाटक्या कडांना पातळ कागदाच्या पट्ट्या लावायच्या. मग फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, जुळवून जुजबंदी, म्हणजे शिलाई: दोरा प्रत्येक फर्म्याच्या घडीतून आत-बाहेर. पाठीला कापड, वर पुठ्ठा, आणि रात्रभर शिकंज्यात, म्हणजे दाबयंत्रात. इथं घाई चालत नाही. खळ ओली असताना काढलं तर पुठ्ठा वाकतो. शेवटी दाखल क्रमांक, म्हणजे ग्रंथालयाच्या नोंदवहीतला पुस्तकाचा नंबर, पुन्हा घालायचा. तो चुकला, तर पुस्तक कपाटात असूनही हरवलेलंच.

आता एक गोष्ट, जी खुद्द पेठांमधल्या लोकांनाही फारशी ठाऊक नसते. 1945 साली कोल्हापूर संस्थानानं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. हिंदुस्थानातला हा असा पहिलाच कायदा. मद्रासचा आला 1948 मध्ये. आमच्या मते याचं बी 1917 सालचं. शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हाचं. पोरं अक्षरं शिकली. पुढं त्यांच्या हातात पुस्तक कोण देणार?

सकाळी पेपरच्या टेबलाभोवती पेन्शनर मंडळी. एकाच अंकाची पानं चौघांत वाटलेली. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पोरं, डबा-पाण्याच्या बाटलीसकट.

1949 मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. 1967 साली महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा आला. त्यात ग्रंथालय कर नाही. म्हणून राज्यातली सार्वजनिक ग्रंथालयं आजही सरकारी अनुदान, वर्गणी आणि देणग्यांवर चालतात, आणि सेवकांचे तुटपुंजे पगारही त्यातूनच भागवतात.