पक्षाघातानंतरचा हात आणि आपलं स्वयंपाकघर

नमस्कार! पक्षाघाताचा पेशंट हॉस्पिटलमधून घरी आला की भेटायला येणाऱ्यांपैकी कुणीतरी ही वस्तू हमखास आणतं. [पिवळा स्पंजचा बॉल दाखवत] "काका, दाबत बसा, ताकद येईल हातात." मग काका टीव्हीसमोर दिवसभर दाबत बसतात.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रोजच्या कामांमधूनच उपचार करते, आणि हा बॉल बऱ्याचदा मी आधी बाजूला ठेवायला सांगते. पक्षाघातानंतर पुष्कळांची बोटं आत आखडतात. मूठ वळते, पण उघडत नाही. आता जी मूठ आधीच आवळलेली आहे, ती आणखी आवळून काय साधणार? पाण्याचा पेला धरायचा तर आधी हात उघडावा लागतो, आणि पाणी पिऊन झाल्यावर तो सोडताही यावा लागतो. म्हणून मी घरात आधी शोधते ते हात उघडायला लावणारं काम.

हाताची हालचाल अगदीच कमी असेल तर टेबलावर घडी केलेला पंचा ठेवा. त्यावर कमजोर हात पालथा, त्याच्यावर चांगला हात, आणि पंचा हळूहळू पुढे सरकवायचा. टेबल पुसल्यासारखं. खांदा दुखला तर तिथेच थांबायचं. बोटं थोडी उघडत असतील, तर भाजीच्या जुडीचं रबर बँड पाचही बोटांभोवती लावून बोटं फाकवायची.

आता माझी सगळ्यात लाडकी वस्तू. [परात पुढे ओढत] कणीक! थेरपीसाठी रंगीत पुटी, म्हणजे हाताने दाबायचा मळलेल्या मातीसारखा गोळा, विकत मिळते, मऊ, मध्यम, कडक अशी. आपल्याकडे पाण्याचा हात कमीजास्त केला की झालं. सुरुवातीला पोळीच्या कणकेपेक्षाही सैल. जमायला लागलं की पोळीची, आणि मग पुरीची घट्ट कणीक. गोळा मुठीत दाबू नका. हे बघा, तळहाताने असा पसरायचा, बोटं सरळ ठेवून. मग अंगठा आणि तर्जनीने कडेकडेने चिमटे काढायचे, करंजीला मुरड घालतो तसे. ही मुरड फार कामाची आहे, कारण बटण, चावी, औषधाची गोळी, सगळं याच चिमटीत येतं. पोळपाटावर लाटताना दोन्ही हात लाटण्यावर हवेत. चांगला हात सगळं काम उरकून टाकतो, त्याच्यावर लक्ष ठेवा.

काम पेशंटच्या आवडीचं असावं. ज्या काकांनी आयुष्यात कणीक मळली नाही त्यांना परात देऊ नका, मटार सोलायला द्या. मटारालाही वैतागत असतील तर कपड्यांचे चिमटे द्या, दोरीवर लावायला. दोरी आधी कमरेच्या उंचीवर बांधा, नंतर वर न्या.

आपल्याकडे ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये १९५० साली सुरू झालं, कमला निंबकरांनी केलं. जन्माने अमेरिकन, सासर निंबकरांचं. कामातून बरं करायचं, ही या शास्त्राची पहिल्यापासूनची बैठक आहे. त्यामुळे मटार सोलायला लावले म्हणून "थेरपी कधी सुरू करणार?" असं विचारू नका. तीच चाललीय.

काहींची ताकद येते, पण स्पर्श कळत नाही. त्यांच्यासाठी डब्यात तांदूळ घ्या आणि त्यात सुपारी, नाणं, किल्ली पुरून ठेवा. डोळे मिटून हाताने शोधायचं आणि काय सापडलं ते सांगायचं. अडलं तर तीच वस्तू आधी चांगल्या हातात द्या, मग कमजोर हातात. अशा हाताला चटका बसला तरी समजत नाही, म्हणून गरम तवा, कुकर, सुरी या हातापासून लांब. आंघोळीचं पाणीही चांगल्या हाताने बघायचं. मूठ फार आवळलेली असेल किंवा हात सुजला, दुखला, तर घरचे प्रयोग थांबवून आपल्या थेरपिस्टला दाखवा.

जाता जाता एक रोजचं काम, शर्ट. [शर्ट मांडीवर पसरत] बाही घालताना घरचे कमजोर हात धरून ओढतात. तसं करू नका, खांद्याला इजा होते. पेशंटला खुर्चीवर बसवा. आधी कमजोर हात बाहीत, बाही पार खांद्यापर्यंत वर, मग शर्ट पाठीमागून फिरवून चांगला हात. काढताना उलटं: आधी चांगला हात मोकळा करायचा, आणि मग त्याच हाताने दुसरी बाही उतरवायची.