रिकामी पेटी आणि पुस्तकातलं शेवटचं प्रकरण

[दृश्य: वर्गातलं टेबल, त्यावर पुठ्ठ्याची पेटी]

द्राक्षांची ही पेटी गेल्या हंगामातली, रिकामी. पाच किलोची. आत अर्ध्या किलोचे दहा पनेट, म्हणजे प्लास्टिकचे छोटे डबे, बसतात. निफाड तालुक्यातल्या या वर्गात तिची ओळख कुणाला करून द्यावी लागत नाही. डिसेंबर चालू आहे. बाहेर बागांमध्ये मण्यांत अजून पाणी उतरायचंय. आत बारावीच्या अर्थशास्त्राचं शेवटचं, दहावं प्रकरण निघालंय : ‘भारताचा विदेशी व्यापार’.

आयात, निर्यात, पुनर्निर्यात. व्याख्या मुलांना तोंडपाठ आहेत. मॅडम पुस्तक मिटतात आणि पेटीच्या लेबलवर बोट ठेवतात.

“हा नंबर कशाचा?”

“आमच्या प्लॉटचा,” मागच्या बाकावरून उत्तर येतं.

युरोपला द्राक्षं पाठवायची तर आधी बागेची नोंदणी करावी लागते. शेतमालाच्या निर्यातीचं काम बघणाऱ्या ‘अपेडा’ या केंद्र सरकारच्या संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीत बाग, प्रयोगशाळेचा अहवाल, पॅकहाऊस असं सगळं एकमेकांना जोडलेलं असतं. नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरात एखाद्या पेटीबद्दल शंका आली, तर माग काढत थेट बांधापर्यंत येता येतं. आंतरराष्ट्रीय व्यापार म्हणजे आधी हा विश्वास, आणि तो कागदावर सिद्ध करण्याची खटपट. माझ्या मते या विषयाची सुरुवात इथूनच व्हावी. व्यापारतोलाचे तक्ते नंतर आले तरी चालतील.

[दृश्य: द्राक्षबाग, घडाजवळून]

२०१० साली हा विश्वास तुटला होता. भारतातून गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले आणि कंटेनर युरोपात अडकले. इकडे त्याला सगळे ‘सीसीसी’ म्हणतात. वेलीची वाढ रोखायला ते वापरलं जायचं. युरोपची मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. आपल्याकडे निर्यातीआधी ज्या रसायनांची तपासणी व्हायची, त्या यादीत हे नावच नव्हतं. अहवाल स्वच्छ आणि माल नापास! या वर्गातली मुलं तेव्हा अगदी लहान होती. पण त्या वर्षाबद्दल घरात बोललं जातं, हे त्यांच्या चेहऱ्यांवर दिसतं.

[दृश्य: पृथ्वीगोल, लोकरीचा धागा]

मॅडमनी एका मुलाला पुढे बोलावलंय. न्हावाशेवापासून तांबडा समुद्र, सुएझ कालवा, भूमध्य समुद्र करत रॉटरडॅमपर्यंत त्याने धागा लावला. तेवढ्यावर कापला. आता तोच धागा आफ्रिकेला वळसा घालून लावायचा. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच तो संपतो. मुलगा धागा ताणून बघतो. पुरत नाही.

२०२४ च्या हंगामात हेच झालं. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होत होते, म्हणून बहुतेक जहाजं केप ऑफ गुड होपवरून गेली. दहा-पंधरा दिवस वाढले. द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही, नुसतं शिळं होत जातं. रीफर, म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या, कंटेनरमध्ये शून्याच्या आसपास तापमान ठेवलं तरी देठ सुकायचा थांबत नाही.

“मग हे वाढलेलं भाडं कुणी भरायचं?”

आता फळ्यावर दोन शब्द येतात : एफओबी आणि सीआयएफ. एफओबीत विकणारा माल जहाजावर चढवून देतो, पुढचं भाडं घेणाऱ्याचं. सीआयएफमध्ये पोहोचायच्या बंदरापर्यंतचं भाडं आणि विमा विकणाऱ्याकडे. जोखीम मात्र दोन्हींत एकाच जागी हात बदलते : माल जहाजावर चढला की.

“भाडं आपण भरलं, विमा आपण काढला, आणि वाटेत नासलं तर नुकसान त्यांचं?” पहिल्या बाकावरची मुलगी विचारते.

“हो. तो विमा त्यांच्यासाठीच काढलेला असतो.”

“पण मॅडम, आमच्याकडं असं नसतं. माल तिकडं विकल्यावरच भाव कळतो.”

वर्ग शांत होतो. ती म्हणते ते खरं आहे. बरीच द्राक्षं कन्साइनमेंटवर जातात. तिथे मिळालेल्या भावातून खर्च वजा करून उरेल ते इकडे येतं. म्हणजे जोखीम जहाजावर चढतच नाही, ती बागायतदाराच्या घरातच मुक्कामाला राहते. मॅडम फळ्यावर तिसरा रकाना आखतात. पुस्तकात तो नाही. माझ्यासाठी या तासाचा सगळ्यात मोलाचा क्षण हाच होता.

[दृश्य: लासलगाव बाजार समिती, कांद्याचे ट्रॅक्टर]

परदेशातला नियम जसा अडवतो, तसा आपलाही. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली. मे २०२४ मध्ये ती उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. मॅडम वर्गाचे दोन गट करतात. एक लासलगावचा शेतकरी, दुसरा मुंबईच्या चाळीत भाजी घेणारं कुटुंब. दुसऱ्या गटात जायला कुणी तयार नसतं. मग मॅडम नावं काढून पाठवतात, आणि पाच मिनिटांत तीच मुलं महिन्याच्या खर्चाचा हिशोब तावातावाने मांडू लागतात.

[दृश्य: मुलीच्या हातातला कागद]

तास संपता संपता मघाची मुलगी दप्तरातून एक झेरॉक्स काढते. गेल्या हंगामाची घरची हिशोबपट्टी. शीतगृह, वाहतूक, जहाजभाडं, तिकडची हाताळणी, कमिशन. एकेका ओळीपुढे ती पेन्सिलीने लिहीत जाते : खर्च कुठे झाला, कुणी ठरवला. ‘इतर वजावट’ या ओळीपाशी पेन्सिल थांबते.

“हे काय गं?” मैत्रीण विचारते.

“माहीत नाही. पप्पांना विचारते.”

ती तिथे प्रश्नचिन्ह काढते आणि कागद वहीत ठेवते.