मिसिंग: आधी सिलिंडर शोधा, मग पार्ट

इंजिन चालू आहे, पण ताल चुकतोय. चार ठोक्यांतला एक गळतो, स्टिअरिंग थरथरतं, चढावर गाडी झटके मारते. हेच मिसिंग: एका सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही.

चेक इंजिनचा दिवा नुसता पेटलेला असेल, तर तपासायला वेळ आहे. लुकलुकत असेल, तर गाडी बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात) जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळवतं.

स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावला. कोड आला पी०३०३. शेवटचा आकडा सिलिंडरचा, म्हणजे तिसरा. पी०३०० असता, तर हवेची गळती किंवा पेट्रोलचा कमी दाब असं सगळ्यांना सामाईक कारण आधी पाहावं लागलं असतं.

कोड सिलिंडर सांगतो, पार्ट नाही. नवी कॉइल (प्लगला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज देणारा पार्ट) मागवली जाते ती इथेच, आणि बहुतेकदा घाईने. त्याऐवजी तिसरी आणि दुसरी कॉइल आपसात बदला, कोड पुसा, गाडी फिरवून आणा. आता पी०३०२ आला, तर कॉइल गेली. पुन्हा पी०३०३ आला, तर कॉइल सुटली; पाळी प्लगची, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणाऱ्या पार्टची. एका वेळी एकच वस्तू हलवायची.

प्लग इंजिन थंड झाल्यावरच काढा. गरम ॲल्युमिनियम हेडचे (इंजिनच्या वरच्या भागाचे) आटे प्लगबरोबर निघून येतात. गॅप, म्हणजे प्लगच्या टोकाची ठिणगीची फट, फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पट्ट्यांनी) मोजा. बऱ्याच गाड्यांत तो ०.७ ते १.१ मिलिमीटर असतो; नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. गॅप वाढला की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणूनच मिसिंग आधी भार पडल्यावर जाणवतं. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर केसासारखी काळी रेघ दिसली, तर ठिणगी बाहेरून पळतेय. अशा वेळी कॉइलचं रबरी बूटही बदला. जुन्या बुटातली रेघ नवा प्लगही खराब करते.

प्लग पेट्रोलने ओला असेल, तर ठिणगी पडत नाही किंवा इंजेक्टर (सिलिंडरसाठी पेट्रोल फवारणारा पार्ट) गळतोय. कोरडा पांढरट असेल, तर इंजेक्टरवर संशय घ्या. लांब स्क्रूड्रायव्हर इंजेक्टरला टेकवून त्याची मूठ कानाशी धरा: टिकटिक ऐकू यायला हवी. (पंख्यापासून हात लांब!)

एवढं करूनही तिसराच अडला, तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. इंजेक्टर आणि कॉइलचे कनेक्टर काढा, सगळे प्लग बाहेर, प्लगच्या भोकात कॉम्प्रेशन गेज लावा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवा. आकडा कमी आला, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. वाढला, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. तसाच राहिला, तर व्हॉल्व्ह (सिलिंडरची हवा-धुराची झाकणं) नीट बसत नाहीत. आणि शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदमच पडलेले दिसले, तर त्यांच्यामधलं हेड गॅस्केट (हेड आणि इंजिन ब्लॉकमधली सील) उडालेलं असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.