गर्ट्रूडचा नकार आणि आईच्या हातातील वस्तरा

नमस्कार. सातव्या शतकातील एका मेजवानीपासून आज सुरुवात करू. आजच्या फ्रान्स-बेल्जियमच्या भागात सत्ता असलेल्या फ्रँक लोकांच्या राज्याचा जो पूर्वेकडील भाग ऑस्ट्रेशिया म्हणून ओळखला जात असे, तेथील राजवाड्याचा मुख्य कारभारी पिपिन याच्या घरी त्या दिवशी खुद्द राजा डागोबर्ट जेवायला आला होता. पाहुण्यांमध्ये ऑस्ट्रेशियाच्या ड्यूकचा मुलगाही होता आणि त्याला पिपिनच्या मुलीचा, गर्ट्रूडचा, हात हवा होता. राजाने तिला बोलावून घेतले आणि विचारले, सोन्याने मढवलेली रेशमी वस्त्रे ल्यालेला हा मुलगा तुला नवरा म्हणून पसंत आहे का?

गर्ट्रूड संतापली. तिने शपथेवर सांगितले की हा नको, पृथ्वीवरचा दुसरा कोणीही नको, ख्रिस्ताखेरीज मला कोणी वर नको. तो मुलगा रागारागाने निघून गेला आणि गर्ट्रूड आपल्या आईकडे वळली.

तिच्या मृत्यूनंतर दहा-बारा वर्षांतच, तिला जवळून पाहिलेल्या एका माणसाने लॅटिनमध्ये लिहिलेल्या चरित्रात हा प्रसंग आला आहे. संतचरित्रांमध्ये असे नकार वारंवार भेटतात, त्यामुळे यातील शब्दन् शब्द जसाच्या तसा घ्यावा, असे मी म्हणणार नाही. मात्र आईकडे वळलेली ती मुलगी मला अगदी खरी वाटते, कारण तो नकार पुढे टिकला तो आईमुळेच.

६४० साली पिपिन वारला, तेव्हा गर्ट्रूड चौदा वर्षांची होती. वडिलांचे छत्र हरपलेली, मोठ्या जमीनदार घराण्यातील अविवाहित मुलगी म्हणजे त्या काळी चालून आलेली दौलतच. तिला पळवून नेऊन लग्न लावले की तिच्या घराण्याच्या जमिनीवर आणि वजनावर हक्क सांगता येत असे. तिची आई इट्टा हिने बिशप अमांडस यांच्या सल्ल्याने आपल्या मालकीच्या जागेवर, निव्हेल येथे, मठ स्थापन करण्याचे ठरवले. आजच्या नकाशावर हे गाव बेल्जियममध्ये, ब्रसेल्सच्या दक्षिणेस सापडेल. आणि मुलीला कोणी बळजबरीने ओढून नेऊ नये म्हणून, चरित्रकार सांगतो, इट्टाने न्हाव्याचे पाते उचलले आणि स्वतःच्या हाताने मुलीचे केस मुकुटाच्या आकारात कापून टाकले.

या कृतीपाशी थोडे थांबू या. फ्रँकांचे मेरोव्हिंजियन राजे लांब केसांवरून ओळखले जात. राजपुत्राचे केस कापणे म्हणजे त्याला सिंहासनावरून दूर सारणे होय. पुढे काही वर्षांनी याच घरातील मुलाने, गर्ट्रूडचा भाऊ ग्रिमोआल्ड याने, नेमके तेच केले. राजाचा अल्पवयीन मुलगा, जो वडिलांप्रमाणेच राजा होणार होता, त्याचे केस कापून त्याने त्याला आयर्लंडला पाठवून दिले आणि स्वतःच्या मुलाला गादीवर बसवले. बहिणीचे केस कापले गेले ते तिला वाचवण्यासाठी, राजपुत्राचे कापले गेले ते त्याचे राज्य घेण्यासाठी. दोन्हीकडे पाहणाऱ्याला एकाच दृष्टिक्षेपात कळत होते की ही व्यक्ती आता लग्नाच्या आणि राज्याच्या बाजारातून बाहेर पडली आहे.

निव्हेलच्या मठात स्त्रिया आणि पुरुष दोघेही राहत आणि दोघांवर अधिकार मठाध्यक्षेचा असे. ६५२ साली इट्टाचे निधन झाल्यावर सारा भार गर्ट्रूडवर आला. तिने बाहेरचे व्यवहार मठातील पुरुषांकडे आणि आतील व्यवस्था धर्मभगिनींकडे सोपवली व स्वतः वाचन, प्रार्थना आणि उपवास यांत बुडून गेली. तिने रोमहून संतांचे अवशेष आणि ग्रंथ मागवले, समुद्रापलीकडून जाणकार माणसे आणवली. एकेक पुस्तक जनावराच्या कातड्यावर हाताने लिहिले जात होते, त्या काळातील ही गोष्ट आहे. अशा वेळी पंचविशीतील स्त्रीने ग्रंथांसाठी आल्प्स पर्वतापलीकडे माणसे धाडावीत, याचे मला फार मोल वाटते.

समुद्रापलीकडून आलेल्यांमध्ये फॉइलन आणि उल्टन हे आयरिश बंधू होते. आई-मुलीने त्यांना फॉस येथे मठासाठी जमीन दिली. सुमारे ६५५ साली फॉइलन प्रवासात असताना दरोडेखोरांनी त्याला तीन साथीदारांसह ठार केले. गर्ट्रूडने शोध चालूच ठेवला आणि ७७ दिवसांनी त्यांचे देह सापडले.

उपवासांनी आणि जागरणांनी तिचे शरीर मात्र झिजले. ६५८ च्या डिसेंबरात तिने पद सोडले. आपला शेवट कधी, हे विचारण्यासाठी तिने फॉसला उल्टनकडे निरोप पाठवला. उद्या, मिस्सा म्हणजे चर्चमधील मुख्य उपासना चालू असताना, असे त्याने कळवले. तिने भिऊ नये, तिच्या स्वागताला आयर्लंडचे संत पॅट्रिक सज्ज आहेत, असेही सांगितले. ६५९ च्या १७ मार्चला, म्हणजे पॅट्रिकच्याच सणाच्या दिवशी, वयाच्या ३३ व्या वर्षी ती गेली. पुरताना आपल्यावर लोकरीचे वा तागाचे वस्त्र घालू नये, असे तिने बजावले होते. अंगावरचे केसाळ, खरखरीत वस्त्र आणि एका परदेशी धर्मभगिनीने पाठवलेला अगदी साधा शिरोवेष्टनाचा कपडा, एवढेच तिच्यासोबत गेले.

तिच्यानंतर मठाध्यक्षा झाली ती ग्रिमोआल्डची वीस वर्षांची मुलगी वुल्फेट्रूड. ग्रिमोआल्डला शत्रूंनी पकडून पॅरिसमध्ये संपवले आणि बापाचा राग लेकीवर निघाला. राजे, राण्या आणि धर्मगुरूसुद्धा तिला जागेवरून हटवू पाहत होते, आधी समजावून आणि मग बळाने. ती हटली नाही. सुमारे अकरा वर्षे, मृत्यूपर्यंत, तिने निव्हेल सांभाळले.

ग्रिमोआल्डनंतर पिपिनच्या घराण्याचा पुरुषवंश खुंटला. उरली गर्ट्रूडची बहीण बेग्गा. तिच्या मुलाचा नातू राजा झाला आणि त्या राजाचा मुलगा म्हणजे ८०० साली रोममध्ये सम्राटपदाचा अभिषेक झालेला शार्लमेन. विधवा झाल्यावर बेग्गाने आंदेन येथे स्वतःचा मठ काढला, तेव्हा पहिली मदत मागायला ती निव्हेललाच आली, आणि तिथून धर्मभगिनी, ग्रंथ आणि संतांचे अवशेष घेऊन गेली.