ओव्हनमधला पुल्ड पोर्क

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत डुकराचे मांस लाकडाच्या निखाऱ्यांवर तासन्‌तास शिजवून त्याचे धागे सोडवण्याची जुनी रीत आहे; हाच पुल्ड पोर्क. मुंबईच्या सदनिकेत निखारे कुठून आणणार? धुराचा वास घरी मिळणार नाही, हे मान्य करावे. मात्र मांसाचा मऊपणा सावकाश मिळणाऱ्या उष्णतेतून येतो आणि ती घरचा ओटीजी, म्हणजे विजेवरचा छोटा ओव्हनही देतो.

वांद्रे, माहीम, वसई या भागांत पोर्कची दुकाने आहेत. तिथे खांद्याचा, चरबीचा थर असलेला सुमारे दोन किलोंचा तुकडा मागावा आणि तो अखंड हवा, हे आधीच सांगावे, कारण इंद्याल किंवा सोरपोतेल या पोर्कच्या मसालेदार पदार्थांसाठी लहान तुकडे नेणारी गिऱ्हाइकेच तिथे अधिक असतात. आदल्या रात्री त्याला ३० ग्रॅम मीठ, थोडा गूळ आणि ईस्ट इंडियन (मुंबई परिसरातल्या मूळच्या ख्रिस्ती समाजाच्या) घरांतला बॉटल मसाला चोळून तो फ्रिजमध्ये ठेवावा.

दुसऱ्या दिवशी ओव्हन १३० अंश सेल्सिअसवर तापवून मांस आत जाते. खांदा सतत राबणारा अवयव असल्याने त्यात कोलॅजन, म्हणजे मांसाला चिवट करणारे प्रथिन, भरपूर असते. मांस ७१ अंशांना खाण्याजोगे शिजते, पण तेव्हा ते चिवटच लागते. त्यापुढे तापमान चढत असताना कोलॅजनचे हळूहळू मऊ, बुळबुळीत जिलेटिन होते आणि ९३ ते ९५ अंशांच्या आसपास धागे आपोआप सुटू लागतात. म्हणूनच घड्याळापेक्षा मांसात खुपसायच्या थर्मामीटरवर विश्वास ठेवावा, असे आम्ही आग्रहाने सांगू.

खरी परीक्षा मध्येच येते. ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान काटा दीर्घकाळ जवळजवळ हलत नाही, आणि ओव्हन बिघडला असे वाटून अनेक जण आच वाढवतात. प्रत्यक्षात माठातले पाणी ज्या कारणाने गार राहते, त्याच कारणाने मांसही थंड होत असते: पृष्ठभागावरून उडणारी वाफ उष्णता घेऊन जाते. अशा वेळी तुकडा ॲल्युमिनियम फॉइलमध्ये घट्ट गुंडाळला की वाफ अडते आणि तापमान पुन्हा चढू लागते. सगळे मिळून पाच-सहा तास, कधी त्याहून अधिक लागतात.

बाहेर काढलेले मांस फॉइलमध्येच तासभर मुरू द्यावे आणि मग दोन काट्यांनी सोडवावे. फॉइलमधला रस मुळीच टाकू नये. वरची चरबी काढून तो धाग्यांत परत मिसळावा. नॉर्थ कॅरोलिनाच्या पूर्व भागात यावर व्हिनेगर आणि मिरचीचा पातळ सॉस घालतात, आणि इंद्याल खाणाऱ्या मुंबईकराला ही आंबट-तिखट संगत मुळीच परकी वाटणार नाही. सोबत बेकरीचा ताजा पाव आणि पातळ चिरलेला कांदा पुरेसा आहे. उरलेले मांस मुंबईच्या उकाड्यात ओट्यावर न ठेवता, रसासह डब्यात भरून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे.