अलिबागच्या इस्रायल आळीतलं सिनेगॉग

नमस्कार मंडळी,

सुट्टीत भारतात गेलं की आपल्यातले कितीतरी जण मांडव्याच्या बोटीने अलिबाग गाठतात, कुलाबा किल्ला बघतात, मासे खातात आणि परत फिरतात. पण गावात इस्रायल आळी आहे आणि तिथे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांचं मागेन आबोथ सिनेगॉग, त्यांचं प्रार्थनास्थळ आहे, ते बघायचं राहूनच जातं.

परंपरा सांगते की नवगावजवळ जहाज फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि त्यांचा वंश कोकणात वाढला. धंदा तेलाच्या घाण्याचा, शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र वार, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणायचे. आडनावं आपल्यासारखीच, किहीमकर, नवगावकर, पेणकर. इतकी शतकं सगळी उपासना घरीच, त्यांचं पहिलं सिनेगॉग झालं ते थेट १७९६ मध्ये आणि तेही मुंबईत, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतल्या सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी बांधलेलं. मग हळूहळू कोकणातही झाली, रेवदंड्याला १८४२, अलिबागला १८४८. आज दिसते ती अलिबागची इमारत १९१० मध्ये नव्याने बांधलेली.

आत गेलात की आधी दाराच्या चौकटीवरचा मेझुझा, म्हणजे धर्मवचनं लिहिलेली गुंडाळी ठेवलेली छोटी डबी बघा, येणारा माणूस त्याला हात लावून बोटं ओठांना लावतो. मधोमध कठड्याचा लाकडी चौथरा, तो तेबा, प्रार्थना तिथून चालवतात. आणि हेखाल, म्हणजे जिथे तोरा या ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवतात ते कपाट, पश्चिमेच्या भिंतीत, कारण जेरुसलेम कोकणातून पश्चिमेला, युरोपात हेच पूर्वेला असतं. गुंडाळी कातड्यावर हाताने लिहिलेली असते, आणि ती बाहेर काढतात तेव्हा सगळे आदराने उभे राहतात. बायकांची बसायची जागा वर, गॅलरीत.

सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. १९४८ नंतर घरंच्या घरं इस्राएलला गेली, लोद, अश्दोद, दिमोना, त्यामुळे कोकणातल्या गावागावांत आता हे दहा जमवणंच अवघड झालंय, आणि तरीही मागे राहिलेली थोडी कुटुंबं ही वास्तू निगुतीने सांभाळतात याचं मला फार अप्रूप वाटतं. तिकडे गेलेल्यांनी मराठी सोडली नाही, मायबोली नावाचं नियतकालिक काढलं, एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने पोहे, गूळ, खोबऱ्याचा मलिदा अजून करतात. आपण इथे मंडळ चालवतो, तेही तिथे हेच करतात, मग ते आपलेच नाहीत का?

तर पुढच्या वेळी मुलांना घेऊन जाच. शनिवार टाळा, डोकं झाका, फोटो विचारूनच काढा.