फोडणीआधी काढून ठेवा
(पाळीव प्राण्यांच्या आहारावरील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पुढच्या रांगेत दोघीतिघींनी पाककृती उतरवून घ्यायला वह्या काढल्यात. त्यांची थोडी निराशा होणार आहे. कुत्र्याच्या खाऊसाठी वेगळा घाट घालायची फारशी गरजच नसते. लाल भोपळा, रताळं, गाजर, फरसबी, अंडं, चिकन हे सगळं तुमच्या घरात शिजतंच. त्यातलं थोडं मीठ-मसाला पडायच्या आत वाटीत काढून ठेवायचं. निम्मं काम तिथंच झालं.

‘फोडणीआधी’ यावर मी अडून बसतो, कारण कांदा आणि लसूण. त्यांतली गंधकयुक्त द्रव्यं कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. शिजवा, तळा, वाळवून पूड करा, अपाय जात नाही. आणि लक्षणं दिसायला बहुतेक वेळा दोन-चार दिवस लागतात. कुत्रा मलूल होतो, हिरड्या फिकट पडतात, लघवी गडद होते. तोवर रविवारचा रस्सा कुणाच्या लक्षातही नसतो.

दुसरं बेदाण्यांचं. शिऱ्यातला एखादा बेदाणा आपण सहज त्याच्या पुढ्यात टाकतो. द्राक्षं, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, हे बरीच वर्षं माहीत होतं. का, ते कळत नव्हतं. 2021 मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. धागा मिळाला तोही गमतीचा: मुलांना खेळायला घरी केलेला पिठाचा गोळा खाऊन कुत्री तशीच आजारी पडली होती, आणि त्या गोळ्यात याच आम्लाचा क्षार होता. हे आम्ल आपल्या चिंचेत भरपूर असतं. त्यामुळे आमटीचा भातही नको. चॉकलेट, जायफळ घातलेली पुरणपोळी, झायलिटॉल असलेलं शुगर-फ्री च्युइंगगम, शिजवलेली हाडं, ही यादी बहुतेकांना पाठ असेल.

आता मापाकडे येतो, कारण खरी गडबड तिथे होते. दिवसभरातला सगळा खाऊ एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत बसायला हवा. दहा किलोच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण 600 कॅलरी लागतात, म्हणजे खाऊच्या वाट्याला आल्या 60. एका ग्लुकोज बिस्किटात 20 ते 25 असतात. सकाळी बाबांनी एक दिलं, दुपारी आजींनी एक, शाळेतून आल्यावर मुलाने एक, की कोटा संपला. आणि आजी एकावर थांबतात असा माझा अनुभव नाही! कुत्रा तुकड्याचा आकार बघत नाही, किती वेळा मिळालं ते बघतो. नखाएवढा तुकडा पुरतो.

एवढं ऐकूनही ज्यांना बिस्किटं करायचीच आहेत, त्यांनी आता वह्या उघडा. एक वाटी नाचणीचं पीठ, अर्धी वाटी वाफवून कुस्करलेला लाल भोपळा, एक अंडं. मीठ, गूळ, सोडा काही नको. भोपळ्याला पाणी सुटतं, तेव्हा वरून पाणी घालू नका, पीठच लागेल तसं वाढवा. नाचणीला चिकटपणा नसल्यामुळे लाटताना कडा फुटतात. फुटू द्या, त्याला काय करायच्यात कडा! बारीक चौकोन कापून ओव्हनमध्ये 160 अंशांवर अर्धा तास, किंवा जाड तव्यावर मंद आचेवर झाकण ठेवून दोन्हीकडून भाजा. आतपर्यंत कोरडी व्हायला हवीत. एरवी आठवडाभर डब्यात टिकतात. पावसाळ्यात मात्र फ्रीजमध्येच ठेवा. एकावर जरी बुरशी दिसली तरी अख्खा डबा फेकायचा, बाकीची निवडत बसायचं नाही.

कुत्र्याला धान्य पचत नाही असं मला दर आठवड्याला कुणीतरी ऐकवतं. 2013 मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की पिष्ट पचवणाऱ्या विकराचं जनुक लांडग्यात दोनच प्रतींत असतं, कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षं काढलेला प्राणी आहे हा. काही कुत्र्यांना विशिष्ट धान्याची ॲलर्जी असते, ती गोष्ट वेगळी.

कोंबडीच्या काळजाचे, म्हणजे यकृताचे, उकडून वाळवलेले तुकडे शिकवणीसाठी उत्तम; वासावरच कुत्रा शहाणा होतो. पण काळजात अ जीवनसत्त्व खूप असतं, म्हणून ते रोज नको, आठवड्यातून एक-दोनदा.

मागून प्रश्न आलाय, घरात अंडंही चालत नाही, मग काय करायचं? घरी फाडलेल्या दुधाचं, बिनमिठाचं पनीर आहे की. बोराएवढे तुकडे करून फ्रीजरमध्ये टाका. दूध न सोसणाऱ्या पुष्कळ कुत्र्यांना पनीर सोसतं, कारण दुधातली साखर बरीचशी पाण्याबरोबर निघून जाते. पहिल्या दिवशी एकच तुकडा द्या आणि दुसऱ्या दिवशी शी कशी झाली ते पाहा. बिस्किटांत अंड्याऐवजी दोन चमचे दही घाला. आणि काहीच करायला वेळ नसेल तर कच्च्या गाजराची चकती द्या, तीही तो कुडुमकुडुम खातो.